कडी वाजली का?

उद्याच्या सहलीची त्याने अशी आखणी केली होती, की एवढी तयारी लोक लेकीच्या लग्नातही करत नाहीत. ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर सगळं लिहून झालं होतं. नवाच्या बोटीने बेटावर अकरा माणसं उतरणार. अर्धा तास पट्टे आणि हेल्मेट बांधायला. मग झाडांवरची सात मचाणं आणि त्यांच्यामधल्या, लटकून घसरत जायच्या सहा तारा. हलकं पोर तारेवर मध्येच अडकतं, म्हणून त्यांच्यातली दहा वर्षांची मुलगी तिच्या बापाच्या जोडीने जाईल. पलीकडे माणसं उतरवून घ्यायला त्याची लेक सगळ्यांच्या आधी जाणार, आणि अलीकडे पहिल्या मचाणावर एकेकाच्या पट्ट्याची कडी तारेवरच्या कप्पीत लावायला तो स्वतः, एकटा.

कारण ही माणसं परकी नव्हती. त्याची थोरली बहीण आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन येत होती. ताई म्हणजे स्टुलावर चढायलाही घाबरणारी बाई. झाडाच्या शेंड्यावरून लोंबकळत जाण्याला तिने साफ नकार दिला होता. पण तिच्या दहा वर्षांच्या नातीने हट्ट धरला आणि ताईचं नाक दाबलं गेलं. शेवटी फोनवर तिने एकच अट घातली. पोरीची कडी तू स्वतःच्या हाताने लावणार असशील तरच, नाहीतर आम्ही किनाऱ्यावर बसून शहाळी पिऊ. यावर तो हसला होता. मी नाही तर कोण लावणार, म्हणाला.

आणि ते खोटंही नव्हतं. बावीस वर्षं तो हे काम करत होता आणि त्याच्या हातून गेलेल्या एकाही माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याची पद्धत ठरलेली. कडी कप्पीत अडकवायची, डोळे मिटायचे आणि कडीचं तोंड बंद करणाऱ्या चापाचा 'खट्' ऐकायचा. डोळे फसवतात, कान फसवत नाहीत, हे वाक्य त्याने नव्या गाइडांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्यांनी त्याचं नावच कानसेन पाडलं. तो वरवर चिडायचा. आतून मात्र त्याला गुदगुल्या व्हायच्या.

मोठी सहल असली की आदल्या दुपारी रंगीत तालीम करायची, एका गाइडने पाहुणा व्हायचं, असा नियम होता. आज लेक स्वतःहून म्हणाली, पाहुणी मी होते. मचाणाकडे चढताना तो नेहमीसारखा कुरकुरत होता. हे जंगल आता पूर्वीचं राहिलं नाही, म्हणे. पूर्वी दुपारी किड्यांच्या किर्र आवाजाने कान किटायचे, आता चिडीचूप. पलीकडच्या उतारावरच्या बागांत औषधं मारून मारून मेले बिचारे. एरवी बापाला दोन शब्द सुनावणारी लेक आज गप्प होती. तो समजला, दमली असेल.

पहिल्या मचाणावर पोचल्यावर त्याने तिचा आखूड पट्टा झाडाला बांधला. हा पट्टा शेवटच्या क्षणापर्यंत सोडत नाहीत. मग तिची कडी कप्पीत अडकवली, डोळे मिटले, मान हलवली.

"वाजली. बंद," तो म्हणाला आणि झाडाचा पट्टा सोडायला वाकला.

तिने त्याचा हात धरला. "काय वाजलं, बाबा?"

त्याने पाहिलं. कडीचा चाप अर्धा उघडा होता. चापाच्या तोंडात काडेपेटीतल्या काडीएवढी एक वाळकी काटकी अडकवलेली होती. तो कप्पी सारखी करत असताना तिनेच ती घातली होती. खाली साठ फुटांवर जमीन होती, आणि झाडाच्या पट्ट्यावर त्याची बोटं तशीच होती.

त्याला राग आला, आणि रागाचा त्याला आधारच वाटला. बापाची परीक्षा घेतेस? हेच शिकवलं का तुला? ती रडली नाही की मागे हटली नाही. तीन आठवड्यांपासून आपण त्याच्या मागे उभं राहून हेल्मेट बघायच्या निमित्ताने प्रत्येक कडी ओढून बघतोय, असं तिने सांगितलं. उद्या फळ्यावर तिचं नाव पलीकडे होतं. अलीकडे त्याच्या मागे कुणीच असणार नव्हतं.

"गेल्या गुरुवारी एक उघडी सापडली," ती म्हणाली. "त्या चष्मेवाल्या आजोबांची. मी लावली. त्याच दिवशी बोलायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही."

त्याला ते आजोबा आठवले. जाताना त्यांनी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले होते. तो मचाणाच्या फळ्यांवर मटकन खाली बसला.

सगळ्यात भयंकर वेगळंच होतं. आत्ता, या घटकेला, त्याने 'खट्' ऐकला होता. शप्पथ ऐकला होता. बावीस वर्षांची सवय डोक्यात आपोआप वाजत होती आणि तो तिला कान समजत होता. आता मागचे किती खट् खरे आणि किती नुसते डोक्यातले, हे देवही सांगू शकला नसता. बायको टीव्हीच्या आवाजावरून रोज बोलायची, तेव्हा त्याने तिलाच वेड्यात काढलं होतं.

मग एकदम त्याला काहीतरी सुचलं आणि त्याने वर झाडांकडे पाहिलं.

"किडे?" त्याने विचारलं.

"ओरडतायत ना, बाबा. कधीचे. म्हणून तर मी एवढ्या मोठ्याने बोलतेय."

त्याने डोळे मिटले, श्वास धरला, मान इकडून तिकडे वळवली. काही नाही. पानं हलत होती तेवढंच दिसलं, तेही डोळे उघडल्यावर.

ऑफिसात येऊन त्याने फळ्यावरची दोन नावं पुसली. कडी लावायला लेक, पलीकडे उतरवायला दुसरा गाइड. स्वतःचं नाव कुठेच लिहिलं नाही. कंपनीच्या मालकीणबाईंना गुरुवारचंही सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. मग ताईला फोन लावला. नातीची कडी मी लावणार नाही, माझी लेक लावेल, माझ्यापेक्षा चांगली लावते, म्हणाला. का रे, हाताला काय झालं तुझ्या, असं ताईने घाबरून मोठ्याने विचारलं.

"हात धड आहे, ताई. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. त्याने फोन कानाला घट्ट दाबला. पलीकडे ताई हळू आवाजात काही बोलत होती की गप्प झाली होती, ते त्याला कळेना. मग त्याने फोन लेकीच्या हातात दिला.