विझवायची राहिलेली भट्टी

तुम्ही अंगठा पाठवला नाहीत. सगळा घोळ तिथून सुरू झाला आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. क्रिस कट्यार घडवायला सांगितलीत, शिक्का मारलेला कागद धाडलात, वर तारीखही घातलीत. पण ती कुणाच्या कमरेला लागणार, हे सांगायला तुमच्या अख्ख्या कचेरीत एकाचीही जीभ उचलली नाही. म्हणे पाहुण्याला द्यायची आहे. आणि पाहुणा अजून ठरायचा आहे.

तेरेंगानूच्या किनाऱ्यावर, नदी समुद्राला मिळते तिथं, बुकित नांका गावात क्रिस घडवणारा आता एकच माणूस उरलाय, तोक सेनिक, म्हणजे सेनिक आजोबा. ती नागमोडी कट्यार गजाने मोजत नाहीत. ज्याचं पातं, त्याचे अंगठे. मुठीच्या बाजूने डावा, मग उजवा, अंगठ्याला अंगठा भिडवत टोकापर्यंत जायचं आणि दर अंगठ्याला एक शब्द म्हणायचा. बरकत, सोबत, भांडण, थडगं. पुन्हा बरकत. शेवटचा अंगठा भांडणावर किंवा थडग्यावर पडला, की पातं परत विस्तवात. मग जवाएवढं वाढवायला महिना गेला तरी कुणी कुरकुर करत नसे. कारण चुकीच्या मापाची क्रिस धन्यालाच चावते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

सेनिकने कळवलं की माणूस पाठवा. तुमचा चष्मेवाला साहेब आला. पायरीवर उभा राहून म्हणाला, "तोक, अंगठा तो अंगठा. माझा घ्या. नाहीतर ड्रायव्हरचा घ्या, चांगला जाडजूड आहे." ड्रायव्हर हसला. सेनिक म्हणाला, "साहेब, ड्रायव्हरच्या मापाची चप्पल पाहुण्याला घालाल का?" त्यावर साहेबाने वही काढून काहीतरी लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी टपालाने एक कागद आला. त्यावर जांभळ्या शाईत कुणा कारकुनाचा अंगठा उठवलेला. सेनिकने तो उलटसुलट करून पाहिला आणि सुपारीच्या डब्याखाली ठेवून दिला.

लोखंड मात्र तोवर तयार होत आलं होतं. ते सात जातींचं लागतं. जुन्या मशिदीचा अडसर, नदीतला नांगर, फुटकी विळी, असं एकेक त्याने वर्षानुवर्षं जमवलेलं. सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरायचा, वजू करून अनवाणी भट्टीपाशी बसायचं, अल्लाचं नाव घेऊन पत्र्याला एक घडी घालायची. एकच. उरलेले दिवस फक्त विस्तव राखायचा. भट्टीपाशी बोलायचं नाही. मनात कुणाबद्दल वाकडं आलं, तर हातोडा खाली ठेवायचा आणि ते निघून जाईपर्यंत बसून राहायचं. लोखंड ऐकतं, असं त्याचा बाप सांगायचा. काही दिवस असे गेले, की सेनिक सकाळी बसला आणि दुपारच्या नमाजाला उठला, मधे हातोड्याचा एकही घाव नाही. शेजारची मूनाह यायची, फणसाच्या पानात भात ठेवायची आणि कुंपणापलीकडे जाऊन म्हणायची, म्हाताऱ्याला लोखंडानेच घडवायला घेतलंय.

भाता पूर्वी त्याची बायको केलसम चालवायची. चाळीस वर्षं दोघं एका विस्तवाच्या दोन अंगांना मुकाट बसली. दोन वर्षांपूर्वी ती गेली. दोघांनी गप्प बसणं आणि एकट्याने गप्प बसणं यांत काय फरक असतो, हे तिच्या मागे त्याला कळलं. आता डाव्या हातात भाता, उजव्या हातात सांडस. हातोडा घ्यायचा तर भाता सोडायचा, भाता सोडला की लोखंड थंड. एका घडीला तीन-तीन सोमवार लागायला लागले.

अकरा महिने झाले तरी तुमचा अंगठा आला नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला, दुसऱ्यात उतरायला लागला. मुलगी रोकियाह जोहोरला असते. तिचे फोन सुरूच होते, अबाह, आता पुरे, इकडे या. तेव्हा एका गुरुवारी सेनिकने पात्यावर स्वतःचे अंगठे लावले.

हे तो सहज करून बसला नाही. या घराण्याच्या लोहाराला स्वतःसाठी आयुष्यात एकच क्रिस घडवता येते आणि ती शेवटची. ती घराच्या मधल्या खांबाला टांगायची, मग भट्टीवर पाणी ओतायचं. त्याच्या बापाने तसंच केलं, आज्यानेही. खांबाला क्रिस लागेपर्यंत विस्तव विझू द्यायचा नाही आणि सोडून जायचंही नाही. सेनिकचा शेवटचा अंगठा 'सोबत'वर पडला. रिकाम्या घरात बसून त्याला वाटलं, नशिबालाही थट्टा बरी सुचते.

मग लिंबाचा रस आणि सोमल लावून पातं धुतलं. काळ्या अंगावर पांढऱ्या लाटा उमटल्या. खांबाला खुंटी ठोकायची तेवढी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तुमचा साहेब हजर. सेनिकने त्याला सरळ सांगितलं की ही माझी आहे, शेवटची; तुमचा अंगठा आला नाही, तुमची आता व्हायची नाही. साहेब म्हणाला, "पाहुण्याला नुसती दाखवायला हो, तोक. उद्या संध्याकाळी परत." पायरीवर उभा राहून मागणाऱ्याला रिकामं धाडायचं नाही, ही त्या घराची रीत. सेनिकची चूक म्हणाल तर एवढीच. त्याने क्रिस कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तुमच्या साहेबाने ती छत्री घ्यावी तशी एका हाताने घेतली आणि मागच्या सीटवर टाकली.

ती उद्याची संध्याकाळ अजून उगवायची आहे.

तीन वेळा तो बस बदलून तुमच्या कचेरीत आला. पहिल्यांदा कळलं, पाहुण्याच्या सामानात गेली. दुसऱ्यांदा कळलं, छे, कोठीत असेल, अर्ज करा, अर्ज वर जाईल. तिसऱ्यांदा खिडकीतल्या बाईंनी त्याच्या हातात आभाराचं प्रमाणपत्र दिलं. लॅमिनेट केलेलं. तेही दोन्ही हातांनी घेऊन तो घरी आला.

गेल्या आठवड्यात रोकियाह दोन तिकिटं घेऊन आली. दोन दिवस तिने घर आवरलं, बापाचे कपडे बांधले. तिसऱ्या दिवशी पाण्याची बादली भट्टीपाशी आणून ठेवली.

"ओता, अबाह. कुणी बघत नाहीये."

"बघायला कुणी लागतं का?"

"मग दुसरी घडवा. मी भाता मारते."

"स्वतःसाठी दुसऱ्यांदा अंगठा लागत नाही, पोरी. माणूस काय दोनदा मरतो?"

तिने बादली बाजूला सरकवली. मग म्हणाली, आईसारखेच हट्टी आहात. त्यावर तो म्हणाला, हट्ट तिचा होता, मी नुसता बसायचो. दोघंही थोडं हसली. दुपारच्या बसने ती एकटी गेली. दुसरं तिकीट तिने पर्समध्येच राहू दिलं.

आता तो पहाटे आणि तिसऱ्या प्रहरी भट्टीत करवंट्या घालतो. निखारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तळवा वर धरून पाहतो. तळव्याला फोड आहेत. त्या भट्टीवर आता काही घडत नाही, ती नुसती जगवायची. तुमच्याबद्दल तो वाईट बोलत नाही, कारण विस्तवापाशी वाकडं मनात आणायचं नसतं आणि विस्तवापासून उठणं त्याला जमत नाही. तुम्हाला हेच सोयीचं पडलंय. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी तुम्हाला विचारायला हवं.

कोठीत असेल तर कोठी उघडा. पाहुण्याकडे असेल तर पाहुण्याला पत्र लिहा. हरवली असेल तर पुढे येऊन तसं तोंडाने सांगा. अर्ज वर गेलाय, हे ऐकायचं नाही. ऐंशीच्या घरातल्या आंधळ्या माणसाने तो विस्तव आणखी किती दिवस राखायचा? आकडा सांगा.