मैदान नसलेला गोल

मित्रांनो, मी लॅक्रॉसचा एक जुना गोल, म्हणजे जाळी लावलेली लोखंडी चौकट आहे. मोंटानातल्या एका लहान कॉलेजच्या शेडमागे मी गंजत पडलो आहे. जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा, धावायचे आणि तो माझ्यात मारायचा, असा हा खेळ. कॉलेजने मला विकत घेतले नाही. मुलींच्या क्लबला कॉलेज काही देत नसे, म्हणून दोघींनी कार्यशाळेत लोखंडी नळ्या जोडून मला घडवले आणि नारिंगी रंग दिला.

क्लबच्या मुलींना सगळे स्वतःच करावे लागे. आमच्या गटात पाच कॉलेजे होती. प्रत्येकाशी एकदा खेळायचे आणि वरच्या दोघांनी अंतिम स्पर्धेला जायचे. गटाबाहेरच्या कोणाला हरवले तर त्याचा उपयोग शून्य. तारखा कॅप्टन मुलीच फोनवर जमवत. यजमानाने मैदान आणि पंच द्यायचे, पाहुण्यांनी वेळेवर पोहोचायचे. यात जो चुकला तो न खेळताच हरला. दोन्ही कॅप्टननी ठरवले तरच नवी तारीख मिळे.

आमची कॅप्टन होती ब्रिन हॉगलंड. हिवाळाभर ती शेडमध्ये बसून माझी फाटकी जाळी विणायची आणि खांद्याशी फोन धरून तारखांसाठी विनवण्या करायची. एकीच्या परीक्षा, दुसरीकडे गाडी नाही, तिसरीकडे बर्फ. एक तारीख हलली की सगळ्याच हलत. तरी ती कधी वैतागली नाही.

एका वसंतात डोंगरापलीकडचा संघ घाटात बर्फात अडकला. नियमाने तो हरलाच होता. पंच निघायच्या तयारीत होते. ब्रिनने त्यांना थांबवले आणि दुसऱ्या दिवशीची तारीख दिली. त्या मुली आल्या, जिंकल्या आणि आमच्या जागी स्पर्धेला गेल्या. आमच्या काही मुली ब्रिनशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी शेवटचा सामना पुन्हा त्यांच्याशीच, आमच्या मैदानावर होता. जिंकणारा स्पर्धेला जाणार होता. ब्रिनचे कॉलेजातले ते शेवटचे वर्ष. सकाळी ती आली तेव्हा फुटबॉलचा संघ सराव करत होता आणि मी वाहनतळावर उलटा पडलो होतो. आजच्या दिवसासाठी मैदान आपल्या नावावर राखलेले आहे, असे तिने फुटबॉलचे प्रशिक्षक प्रुइट यांना सांगितले.

"आमचं गवताचं मैदान चिखलात गेलंय, पोरी," ते म्हणाले. "तुमचा तर क्लब आहे. पुढच्या आठवड्यात खेळा की."

पुढच्या आठवड्यात तर स्पर्धाच होती. पाहुण्यांची गाडी आली. त्यांची कॅप्टन डेलनी गेल्या वर्षी बर्फात अडकलेल्यांपैकीच होती. ब्रिनने तिच्याकडे फक्त दुसरा दिवस मागितला.

"मैदान द्यायचं काम तुमचं होतं," डेलनी म्हणाली. "नियम आहे तो."

"गेल्या वर्षीही नियम होताच की."

डेलनी बुटाने खडी उकरत राहिली. "तेव्हा तू ठरवलंस. आज मला ठरवायचंय."

आम्ही न खेळताच हरलो, असा निकाल पंचांनी लिहिला. पाहुण्या मुलींनी मला टेकून सँडविच खाल्ली आणि त्या निघून गेल्या. ब्रिनने मला एकटीने ओढत शेडपर्यंत आणले. ती रडली नाही. माझ्या जाळीत अडकलेले कागद तिने काढले आणि दार लावून घेतले.

ती गेल्यावर तारखा जमवायला कोणी पुढे आले नाही. वेळापत्रक न देणाऱ्या संघाला गटातून काढतात, आम्हाला काढले. कोणाला चुकल्याचुकल्यासारखेही वाटले नाही. शेडमध्ये फुटबॉलचे सामान भरले आणि मला बाहेर टाकले.

मित्रांनो, मला रंग द्या, माझी जाळी शिवा, असे मी म्हणत नाही. आता त्याचा उपयोग नाही. पण तुमच्या शाळेतही, कॉलेजातही कोणीतरी मुलगी खांद्याशी फोन धरून दुसऱ्यासाठी एक दिवस मोकळा करत असेल. तिच्यावर तशी वेळ आली, तर तिला एक दिवस द्या. डेलनीने फक्त हो म्हणायला हवे होते.