खालून काळं, वरून पिवळं

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मला बऱ्याच गोष्टींची किळस येते. केसांची येते, गोंदाची येते, चमकीची तर इतकी येते की नुसतं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो. कुणी म्हणेल, म्हातारी कुरकुरणारी आहे. असेन. माझ्याइतक्या वेळा नाकावर आपटून बघा, मग बोलू.

आकारानं मी अक्रोडाएवढी. रिमोटवर उडणारी फोमची विमानं ओढायची, हे माझं काम. तोंडाशी प्लास्टिकचा पंखा, पाठीला वायरी. कारखान्यात जन्मले, बहिणींबरोबर खोक्यात बसून दुकानात आले, हे सगळ्याच मोटरींचं असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं सुरू झालं ते वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

वहिनी म्हणजे कपड्यांच्या कारखान्यात कापणी करण्यात हयात घालवलेली बाई. कापडाच्या जाड थप्पीतून तिनं ब्लेड फिरवलं तर वरच्या आणि खालच्या तुकड्यात केसाचा फरक निघायचा नाही. काम सुटलं, पण हात गप्प बसेनात. मग तिनं फोमच्या शीट आणल्या, त्यावर पेन्सिलीनं पंख काढले आणि कापायला बसली. आता फोम कापला की त्याचे कण उडतात आणि जिथं जातील तिथं चिकटतात. भिंतीला, कपड्यांना, माझ्या पोटात. तिचा नवरा दिवाणावर बसून चहातले कण बोटानं काढायचा आणि काही बोलायचा नाही. मला बोलता आलं असतं तर मी बोलले असते.

त्यात तो गरम गोंद. बंदुकीतून टेबलभर त्याच्या तारा लोंबायच्या, सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारख्या. दोन तुकडे जोडायचे, एक तार माझ्यावर. शी.

पण बाईचं काम चोख, हे मान्य करते. तिनं मला फोमच्या एका छोट्या पेटीत बसवलं आणि ती पेटी बांबूच्या दोन काड्यांनी विमानाच्या नाकात अडकवली. का, तर फोमचं विमान काही दिवसांचं पाहुणं. आज ना उद्या झाडात जातं, मातीत जातं. विमान मेलं की काड्या उपसायच्या, पेटी काढायची आणि मला नव्या विमानात घालायचं. म्हणजे अंग बदलत जातं आणि मी आपली तीच. ऐकायला बरं वाटतं. पण दुसऱ्यानं शिवलेला कपडा घालावा लागतो म्हटल्यावर कसले कसले कपडे वाट्याला येतात, ते ऐका.

वहिनीचा दीर पाट्या रंगवणारा. ती त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही म्हणते. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या मागची नावं, सगळं त्यांनी हातानं केलेलं. अक्षराला सावली, सावलीला सोनेरी कड, कोपऱ्यात पाकळ्या. आता पाट्या छापून येतात. त्यामुळे भाऊजींचे ब्रश डब्यात उभे राहून राहून ताठ झालेले. त्यांना रंगवायला काहीतरी हवं, आणि त्या घरात कोरं म्हणावं असं एकच होतं.

एका विमानाला त्यांनी दातांचा जबडा काढला. एकावर वेलबुट्टी. ब्रशला टोक यावं म्हणून ते तो ओठात धरायचे आणि मग त्याच ओल्या बोटांनी मला सरळ करायचे. मी काय म्हणणार. आणि एकदा, वहिनी बाहेर गेलेली असताना, त्यांनी शेपटीवर ऑइल पेंटानं फुलांचा गुच्छ काढला आणि ओल्या रंगावर चमकी उधळली. अर्धी चमकी माझ्यात. फिरायला लागले की खरखर, जशी काय दातात वाळू.

विमानाची शेपटी जड झाली की नाक वर उचलतं, पंखांची हवेवरची पकड सुटते आणि विमान दगडासारखं खाली येतं. आलं.

"शेपटीला रंगाचे किती हात दिलेत?" वहिनीनं तुकडे गोळा करता करता विचारलं.

"तीनच."

"तीनच. भाऊजी, विमान आहे हे, घराचा दरवाजा नाही."

"पण वर काय शोभलं असतं, वहिनी."

"वर गेलं असतं तर ना."

त्या दिवसापासून तिनं ठरवलं, आपल्या विमानाला रंगाचा थेंब लावायचा नाही. पांढरं म्हणजे पांढरं. धुतलेल्या चादरीसारखी लख्ख विमानं ती बनवायला लागली. विमानं उडवायच्या मैदानावर ज्यानं त्यानं वळून बघावं, अशी. मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वच्छ अंगात राहत होते.

आणि तिथूनच विमानं जास्त पडायला लागली.

लोकांना वाटलं, वय झालं. मला मात्र खरं माहीत होतं. कसं, तर वहिनीचा डावा अंगठा थेट मला कळतो. तो वर गेला की मी जोरात, खाली आला की हळू. पूर्वी तो अंगठा म्हणजे कापणीचा हात, जिथं जायचंय तिथं सरळ. आता विमान लांब गेलं की तो थबकायचा. पुढे, मागे, पुन्हा पुढे. अंधारात जिन्याची पायरी शोधावी तसा.

विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा त्याचं डावं ते आपलं डावं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं, आरशासारखं. म्हणून उडवणाऱ्याला पहिलं काय कळायला हवं, तर विमान येतंय का जातंय. वहिनीचा डावा डोळा जन्मापासून मंद, त्याला चष्मा लावा नाहीतर भिंग. सगळं आयुष्य तिनं उजव्यावर काढलं आणि आता तोही दमला होता. हातातलं ब्लेड दिसायचं. पण पांढऱ्या ढगाखाली पांढरं विमान म्हणजे तिला दुधातला भात.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला जशी चमकीची किळस, तशी तिला 'बिचारी' या शब्दाची.

मग एके दिवशी विमान मैदानाच्या कुंपणाबाहेर गेलं आणि उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर उतरलं. गाडी कुणाची, तर मैदान सांभाळणाऱ्या शिट्टीवाल्या काकांची. हा माणूस गळ्यात शिट्टी घालून फिरतो आणि स्वतःचं चंदेरी विमान रोज पुसतो. वाईट नाही, पण करडा. त्यांनी पोचा बघितला, मला बघितलं, मग वहिनीला.

"वहिनी, आज गाडी होती. उद्या कुणाचं डोकं असेल. आणखी एकदा बाहेर गेलं की रिमोट खाली ठेवायचा आणि बाकावर बसायचं."

"बाकावर बसून काय करू?"

"बघा की इतरांचं."

माझ्या पंख्याला लागलेला चिरडलेला किडा वहिनीनं नखानं काढला. दोनदा पुसलं, तरी माझ्या अंगाला तो वास आठवडाभर होता.

पुढचं मी टेबलावर पडून ऐकलं, कारण घडलं तेव्हा मी वर होते. त्या सकाळी भाऊजी तिच्या शेजारी उभे होते. विमान लांब गेलं. मला एवढंच कळलं की अंगठा एकदम थिजला. खाली वहिनीनं मान न वळवता, ओठ न हलवल्यासारखं करत विचारलं होतं, "भाऊजी, येतंय का जातंय?"

भाऊजी म्हणाले, "येतंय."

ती त्या शब्दावर मला उतरवून घरी घेऊन आली. टेबलापाशी बसली. भाऊजी समोर.

"कधीपासून?"

"कुणाला बोललात तर ब्लेड माझ्या हातात आहे."

"मी कशाला बोलतोय. मला फक्त रंगवू द्या."

"रंग नाही म्हणून सांगितलंय ना."

"रंग नाही हो, पाटी म्हणतोय मी. पाटी कशासाठी असते? लांबून वाचता यावी म्हणून. बाकीचं सगळं आमचं लाडाकोडाचं."

वहिनीनं बराच वेळ त्या पांढऱ्या पंखावरून हात फिरवला. स्वतःच्या हातानं कापलेलं, कुठं एक कुसळ नाही. मग तिनं ते त्यांच्याकडे सरकवलं आणि भिंतीकडे बघत बसली.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते बघवत नव्हतं. भाऊजींनी ब्रश घेतलाच नाही. भांडी घासायचा स्पंज कापला, पाण्यासारखा पातळ रंग केला, आणि खालचं सगळं अंग काळं फासलं. एकच हात. वरून पिवळं, तेही कसलं, उलटीच्या रंगाचं. डाव्या पंखाला वरून खालून एक जाड लाल पट्टा, उजवा तसाच. कडा नाही, सावली नाही, एक पाकळी नाही. मध्ये त्यांचा हात दोनदा सोनेरी डबीकडे गेला आणि दोनदा परत आला. तोंड तर असं, जणू कारल्याचा रस पितायत. वाळल्यावर त्यांनी पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललं. शेपटी खाली गेली नाही.

"झालं," ते म्हणाले. "इतकं घाण काम मी उभ्या जन्मात केलं नव्हतं."

"दिसतंय," वहिनी म्हणाली.

मला त्या अंगात घातलं तेव्हा, खरं सांगते, मला कचऱ्याच्या डब्यात घातल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आकाश पांढरंफटक होतं. आम्ही मैदानावर पोचलो आणि लोकांना आयताच खेळ मिळाला.

"वहिनी, काळ्यापिवळ्या टॅक्सीला पंख लावलेत का?"

"उडतंय का चावतंय ते?"

मग एकजण भाऊजींकडे वळला. "अहो, हे तुम्ही रंगवलं? तुम्ही? हात गेला का तुमचा?"

भाऊजींनी विमान फेकायला उचललं होतं. मी त्यांच्या हातात होते, आणि तो हात दगडासारखा स्थिर होता.

"हो," ते म्हणाले. "थरथरतो हल्ली. वय झालं."

कुणी तरी हसलं. कुणी तरी च्‌ च्‌ केलं. शिट्टीवाले काका कुंपणापाशी उभे होते आणि त्यांची नजर आमच्यावरून हलत नव्हती. वहिनीचा अंगठा रिमोटवर होता, पण माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. वाटलं, आता ही रिमोट खाली ठेवते.

मग अंगठा वर गेला आणि भाऊजींनी मला फेकलं.

मैदानाच्या टोकापर्यंत तिनं मला नेलं, नेहमी जिथं थबकायची तिथपर्यंत. वळताना पिवळी पाठ फिरली, मग काळं पोट, मग लाल पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या बाजूचा उजव्या बाजूला गेला. अंगठा थबकला नाही, मागेपुढे झाला नाही. जुन्या कापणीसारखा सरळ आला. ढगाखाली आम्ही काय दिसत असू, मला विचार करवत नाही. पांढऱ्या ताटातलं झुरळ. पण झुरळ दिसतं, मित्रांनो. कुणालाही दिसतं. तिनं चार वळणं घेतली आणि मला गवतात उतरवलं, कुंपणाच्या आत.

लोक पांगायला लागले होते. वहिनी मोठ्यानं बोलली.

"त्यांचा हात ठणठणीत आहे."

सगळे थांबले.

"डोळा माझा गेलाय. एक आधीच नव्हता, दुसरा चाललाय. येतंय का जातंय, मला कळत नव्हतं. काका, तुमच्या गाडीवर पडलं तेव्हाही नव्हतं कळलं."

"वहिनी, कशाला," भाऊजी पुटपुटले.

"गप्प बसा तुम्ही. हात थरथरतो म्हणे."

शिट्टीवाले काका जवळ आले. "हे आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर बाकावर बसवलं असतंत."

"बसवलं असतं," काका म्हणाले. माणूस खोटं बोलत नाही, एवढं त्याचं आहे. त्यांनी शिट्टी मुठीत धरली. "आज दिसलं?"

"हे इतकं घाणेरडं आहे, काका, की न दिसून सांगतं कुणाला."

"पुन्हा उडवा. मी शेजारी उभा राहतो. मी सांगेन तिथं वळवायचं."

तिनं वळवलं. ते म्हणाले डावीकडे, ती डावीकडे. ते म्हणाले इकडे आणा, तिनं आणलं. काकांनी तिला दम लागेस्तोवर उडवायला लावलं आणि मला गरम होऊन चटका बसेपर्यंत. मग ते गेले, आपलं ते रोज पुसलेलं चंदेरी विमान घेऊन आले, आकाशाकडे धरून बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि भाऊजींपुढे ठेवलं.

"खालून काळं करा," ते म्हणाले. "फुलं नकोत."

"कोपऱ्यात एखादं छोटं?"

"नको."

भाऊजींचा चेहरा पडला, पण काम मिळालं होतं.

आता त्या मैदानावर निम्मी विमानं काळ्या पोटाची आहेत. वरती सोडली की वाटतं, मेलेल्या उंदरावर कावळे जमलेत. मी रोज बघते आणि रोज मला मळमळतं. वहिनी अजून उडवते. ढग फार उतरले की स्वतःहून बाकावर बसते, कुणाला बसवावं लागत नाही. मीही थकले, फिरताना कण्हते. कुणी आठवणीनं तेलाचा थेंब सोडला तर बरं वाटतं. दांड्याला गुंडाळलेला केस कुणी काढला तर त्याहून बरं.

तेवढं कराच. आणि तुमच्या घरातल्या कुणाला दिसेनासं झालं असेल, ऐकू येईनासं झालं असेल, तर त्याला बिचारं म्हणून कोपऱ्यात बसवू नका. काय दिसत नाही ते आधी विचारा, मग त्याला लागेल तेवढा जाड पट्टा ओढून द्या. घरात वाईट दिसेल. मला विचाराल तर फारच वाईट दिसेल. तरी द्या ओढून.