चिझुरूचे ठोके
कोएन्जी भागातल्या एका तळघरातल्या स्टुडिओत बँडची ड्रमर चिझुरू हिने रेकॉर्डिंगसाठी दुपारभर एकेक ड्रम वेगवेगळा वाजवला. हळू, जोरात, कडेवर, मधोमध. बँडचा म्होरक्या कुरामोची म्हणाला होता, "चिझु, नव्या अल्बममध्ये सगळे आवाज इलेक्ट्रॉनिक असणार. पण पाया तुझाच हवा." एवढ्यावर बाई खूश! हात भरून आले तरी वाजवत राहिली, वर सगळ्यांना घरची ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, खाऊ घातली.

अल्बम तयार झाल्यावर तिला ऐकायला बोलावलं. पहिल्याच गाण्याला तिच्या अंगावर काटा आला. ठोके तिचे होते, वाजवले मात्र तिने नव्हते. कुरामोचीने ते कापून कॉम्प्युटरवर रचले होते. तालात किंचित मागे पडायची तिची खोडसुद्धा उचलली होती. त्याच खोडीवरून या माणसाने तिला कॉलेजपासून सळो की पळो करून सोडलं होतं!

"कसं वाटलं, चिझुरू-सान? तुम्ही फार मेहनत घेतलीत," कुरामोची म्हणाला.

चिझुरू-सान? नावापुढे मानाचं 'सान'? आणि तुम्ही? इतकी वर्षं हा मेला तिला चिझु म्हणायचा, तिच्या ताटलीतली तळलेली कोंबडी पळवायचा. आम्हा जपानी लोकांत भांडून कोणी कोणाला काढत नाही. एकदम अहो-जाहो सुरू झालं, की काय ते समजायचं. बेस वाजवणारी इओरी आपल्या बुटांकडे बघत बसली. म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

समजल्यावर गप्प बसायचं असतं. चिझुरू बसली नाही. "सरळ सांग ना. मी बँडमध्ये आहे की नाही?"

"ते जरा…" म्हणून कुरामोची थांबला. नकाराचं हे वाक्य इथे कोणीच पुरं करत नाही. "कव्हरवर तुमचं नाव आहे. विशेष आभारांत."

"आभार कसले मानतोस? चोर आहेस चोर! हात माझे, खोड माझी, आणि मीच परकी?"

त्याने मान तुकवली. मग हळूच म्हणाला, "एक विनंती होती. तिसऱ्या गाण्यात कॉम्प्युटर फारच नीट वाजवतोय. तुम्ही कुठे मागे पडला असता, तेवढं दाखवाल?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उठून जायचं म्हणून तिने पिशवीसुद्धा उचलली. तेवढ्यात ते तिसरं गाणं सुरू झालं, आणि ते छान होतं, आजवरच्या सगळ्या गाण्यांहून छान. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. पण एवढं चांगलं गाणं बिघडलेलं तिला सोसवेना.

"इथे," ती म्हणाली. "नाही, अजून थोडं मागे."

कुरामोचीने ठोका सरकवला. तो अगदी बरोबर बसला, आणि तिचं तिथलं शेवटचं काम संपलं.