तिसरी हाक

कालव्याच्या कामावर वायरलेस आला आणि गुरुबसप्पा मुकादमाच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली. आधी कसं, मधल्या टेकाडावर एक माणूस लाल फडकं घेऊन उभा असायचा. टेकाडापलीकडे टेंभुर्णीची गाडीवाट, तिथे म्हातारा कोंडीबा माणसं अडवायचा. वाट मोकळी झाली की तो हात करी, टेकाडावरचा फडकं हलवी आणि अलीकडे गुरुबसप्पा सुरुंग उडवी. मग ठेकेदारानं मुंबईहून खेळण्यासारखे दोन स्वस्तातले सेट आणले आणि फडकेवाल्याला त्याच दिवशी घरी बसवलं.

सेट म्हणजे नुसता डोक्याला ताप. कळ दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं आणि ऐकायचं काय, तर तव्यावर मीठ टाकल्यासारखी तडतड. सेल तर बघता बघता संपत. "मी हाक मारल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय," असं गुरुबसप्पानं कोंडीबाला बजावलं होतं. पण हाक मारावी तर म्हातारा मुका! दोनदा ओरडावं, वैतागून सेट बंद करावा, उन्हात टेकाड चढावं, तर पलीकडे हा बाबा सेट मांडीवर घेऊन निवांत बसलेला.

आणि हे काम अंदाजानं करायचं नव्हतं. गेल्या वर्षी उडालेला दगड बाळाबाईच्या पायावर आला होता. पाट्या उचलणारी धडधाकट बाई, आता लंगडत शेळ्या राखते. तो सुरुंग गुरुबसप्पानंच उडवला होता. पुन्हा कुणाला नुसतं खरचटलं तरी मुकादमकी सोडीन, अशी त्यानं सिद्धरामेश्वराची शपथ घेतली होती.

त्या सकाळीही तो धापा टाकत टेकाडापलीकडे गेला.

"कान फुटले काय रं? दोनदा हाक मारली!"

"दोनदाच मारली की," कोंडीबा शांतपणे म्हणाला. "तिसरी आलीच न्हाय."

"म्हंजे?"

"माणूस दिसंना आन् नावानं हाक येतीया. असल्या हाकंला तिसऱ्यांदाच ओ द्यायची असती, मुकादम. ते दोनदाच बोलावतंय."

"अरं, आवाज माझा हाय की!"

"आवाज कुणाचाबी काढतंय ते."

गुरुबसप्पानं कपाळ बडवून घेतलं. भुताला सेल काय तुझा बाप आणून देतो, असं विचारलं. शेवटी दम दिला, "आता पयल्या हाकंला ओ पायजे. न्हायतर उद्या येऊ नगंस." कोंडीबानं मान हलवली.

दुपारी खडकात दारू भरून झाली, तारा पेटीला जोडल्या, मजूर आडोशाला गेले. पेटीची मूठ फिरवली की धडाका. इंजिनिअरसाहेब यायच्या आत खडक फुटायला हवा म्हणून ठेकेदार मागं उभा राहून चुळबुळत होता.

"कोंडीबा, वाट मोकळी हाय का?"

तडतड.

"कोंडीबा!"

तडतड. गुरुबसप्पाच्या मस्तकात तिडीक गेली. म्हाताऱ्यानं मान हलवली होती, म्हणजे सेलच संपले असणार. पुन्हा ते टेकाड?

"या उन्हात कोण फिरकतंय तितं? उडीव की," ठेकेदार म्हणाला. आणि गुरुबसप्पाला ते पटलं! त्यानं पेटीच्या मुठीवर हात ठेवला. पण पोटातला राग कुठंतरी ओकायला हवा होता. कुणी ऐको न ऐको, एक शिवी हासडावी म्हणून त्यानं डाव्या हातानं सेटची कळ दाबली.

"कोंड्या, मेलास का रं मुडद्या!"

"ओ!" लगेच आवाज आला. "थांबा, मुकादम! बाळाबाई शेळ्या घिऊन मधीच हाय. पाय उचलंना तिचा, येळ लागतोय."

मुठीवरची बोटं त्याला एकेक करून सोडवावी लागली. तो तिथंच मातीत बसला. ठेकेदार काहीतरी विचारत होता, ते त्याला ऐकू येत नव्हतं. वैताग कुठल्या कुठे गेला होता. आता नुसती भीती वाटत होती, आणि स्वतःची लाज.

थोड्या वेळानं सेट आपणहून बोलला.

"मुकादम, बाई गेली. मोकळं झालं."

गुरुबसप्पानं कळ दाबली आणि तशीच सोडून दिली.

"मुकादम!"

त्यानं सेट तोंडाजवळ नेला.

"मुकादम, तिसरी हाय ही. आता तरी ओ द्या की."

"ओ," गुरुबसप्पा कसाबसा म्हणाला.