चाळीस मायक्रोलीटर

विभागप्रमुख असलेल्या सरांनी गेल्या अकरा वर्षांत यंत्राला हात लावला नव्हता, आणि हे यंत्राचं केवढं नशीब, ते प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी निवड समितीचे पाहुणे आले होते, आणि पाहुण्यांसमोर सरांच्या अंगात यायचं.

यंत्राशेजारी बर्फात सरांच्या संशोधक विद्यार्थिनीची चार महिन्यांची मेहनत ठेवली होती. शुद्ध केलेल्या प्रथिनाचे चाळीस मायक्रोलीटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. त्यावर तिचा प्रबंध अडला होता. यंत्राचा मोठेपणा एवढाच, की ते नुसता अतिनील प्रकाश टाकून प्रथिनाची घडी ओळखतं, नमुना खात नाही. मोजून झालं की तोच थेंब काढून पुढच्या चाचणीला वापरायचा. पहिल्या वर्षाच्या पोरींनाही हे कळतं.

आईचा फोन आला म्हणून ती बाहेर गेली. आईचे फोन अर्ध्या तासाच्या आत आटपत नाहीत.

"झालं का गं एकदाचं तुझं ते?"

"आज होईल," ती म्हणाली.

परत आली तर सर यंत्रापुढे छाती काढून उभे, आणि पडद्यावरचा आलेख भूत लागल्यासारखा वर-खाली नाचलेला.

"अशी घडी जगात कुणी पाहिली नसेल," सर पाहुण्यांना सांगत होते.

खरंच नसेल. पाहुणे माना डोलावत होते. त्यांनाही ओ की ठो कळत नव्हतं, हे पाहून तिला किळस आली. मग तिला सरांच्या हातातली कुपी दिसली. रंग मोजायची, साध्या काचेची. यंत्राचा अतिनील प्रकाश तसल्या काचेतून पारच होत नाही. तो ज्यातून पार होतो ती क्वार्ट्झची कुपी डबीत तशीच पडून होती. या माणसाने भिंतीचा फोटो काढला होता आणि वर तो देखावा म्हणून खपवत होता.

"सर, ही काचेची आहे. थेंब द्या, क्वार्ट्झमध्ये पुन्हा घेते."

"थेंब? अगं, वापरून झाला ना तो! मी स्वतः कुपी धुतली. तुम्हा मुलांना स्वच्छतेची सवयच नाही."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिने सरांना दिसू दिलं नाही. तेवढी त्यांची लायकी नव्हती.

"अहवालात लिही," सर आवाज उतरवून म्हणाले, "नमुना अस्थिर निघाला."

तिने यंत्राची नोंदवही ओढली आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेक शब्द म्हणत लिहिलं, "नमुना स्थिर होता. विभागप्रमुखांनी तो बेसिनमध्ये ओतला."

मग पेन त्यांच्यापुढे धरलं. "सही करा, सर."