जुन्या मशीनमधलं नवं कार्ड

"डॉक्टर, एवढं वाचवा हो याला," नकाशाबाई म्हणाल्या आणि मशीनवरचं कापडी झाकण काढून त्याची नीट चौघडी करू लागल्या.

मला हसू आलं. कॉम्प्युटरला झबलं शिवणाऱ्या माणसांना मी चांगला ओळखून आहे. कीबोर्डवर चहा सांडतील आणि म्हणतील, आपोआप बंद पडला. काही अडलं की मॉनिटरच्या डोक्यात चापट मारतील. पाणीपुरवठ्याच्या या कचेरीत अकरा वर्षं मी असल्या लोकांची मशीन दुरुस्त करत आलोय. डॉक्टर हे नाव त्यांनीच पाडलं आणि मी ते ठेवून घेतलं, कारण या इमारतीत अक्कल असलेला दुसरा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

बाई शहराच्या नळांचे नकाशे काढायच्या. जमिनीखाली कुठला नळ कुठून गेलाय, जोड कुठे आहे, झडप कुठे आहे, सगळं त्यांच्या मशीनमध्ये होतं आणि मशीनपेक्षा जास्त त्यांच्या डोक्यात. रस्ता खणला की बाई स्वतः खड्ड्याशी जाऊन टेप सोडायच्या आणि नळ किती खोल आहे ते नकाशावर टिपून ठेवायच्या. सव्वीस वर्षं नुसते आकडे. आता नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात हेच आकडे घातले की नळ खरोखर जमिनीखाली उतरलेले दिसत, फिरवून खालून-वरून बघता येत. पण बाईंच्या मशीनवर ते उघडलं की एकच ओळ यायची, 'ग्राफिक्स अपुरं आहे', आणि खिडकी बंद.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं करून निकाल दिला.

"नवं मशीन मिळणार नाही. ते कार्ड का काय असतं ते टाकून बघा. शुक्रवारी मी येतो बघायला. चाललं तर चाललं, नाहीतर नकाशे बाहेर देऊ आणि बाईंना बसवू आवक-जावकला. तीनच तर वर्षं राहिलीत."

बाई तिथेच होत्या, पण साहेब बोलत होते ते एखादं कपाट हलवायचं असल्यासारखं. साहेबांच्या अकलेबद्दल काय सांगावं? ग्राफिक्स कार्ड म्हणजे पाकिटात ठेवायची वस्तू, अशी त्यांची समजूत होती.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "मला खुर्चीचं काही नाही हो. एकदा ते नळ उभे राहिलेले बघायचेत. एवढी वर्षं मोजलेत."

मी म्हटलं, "बघाल. मी आहे ना."

काम सोपं नव्हतं. डबा अरुंद, साधं कार्ड आत मावेना. मी बुटकं कार्ड शोधून आणलं, विजेचा डबाही बदलला, कारण जुन्याला नव्या कार्डाचं पोट भरता आलं नसतं. शुक्रवारी सकाळी सगळं बसवलं. टेबल भिंतीला चिकटलेलं, म्हणून मागच्या वायरी मी हाताने चाचपूनच लावल्या. अकरा वर्षांच्या हाताला डोळे लागत नाहीत, असा माझा तोरा. मशीन सुरू झालं, चित्र आलं. साहेब आले. बाईंनी सॉफ्टवेअर उघडलं.

'ग्राफिक्स अपुरं आहे.'

मी बंद करून परत सुरू केलं. पुन्हा तेच. कार्डाचा पंखा तर फिरत होता. साहेब घड्याळ बघू लागले. बाई टेबलाच्या कडेने वाकून मागे डोकावल्या.

"डॉक्टर, मागे आता चित्राच्या दोन जागा झाल्यात. वायर जुन्यातच दिसतेय. नव्या कार्डात लावायची असते का?"

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही नळाचं बघा. वायर चुकली असती तर चित्र आलं असतं का?"

साहेब मोठ्याने हसले. त्यांचं हसू मला आवडलं, हे आज कबूल करतो. बाई सरळ उभ्या राहिल्या. मी कागद ओढला, 'सदर मशीन नवीन सॉफ्टवेअरला अपात्र' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली. सोमवारी बाई आपली फूटपट्टी आणि भिंग घेऊन तळमजल्यावरच्या आवक-जावकच्या खिडकीत जाऊन बसल्या.

तीन आठवड्यांनी ते मशीन मी माझ्या खोलीत आणलं. कार्ड काढून दुसरीकडे वापरावं, एवढाच हेतू. टेबलावर ठेवताना त्याची पाठ माझ्याकडे आली. नव्या कार्डाच्या तोंडाला कारखान्यातून येतं ते प्लास्टिकचं टोपण जसंच्या तसं होतं. ते कोणी काढलंच नव्हतं. म्हणजे मीच काढलं नव्हतं. चित्र येत होतं ते जुन्या जागेतून, आणि शेजारी नवं कार्ड तोंड बंद करून बसलं होतं.

टोपण काढलं. वायर लावली. सॉफ्टवेअर विनातक्रार उघडलं. टेकडीवरच्या टाकीतून नळ खाली उतरत गेले, शहरभर पसरले. मी फिरवले तसे फिरले. एका बाईचं उभं आयुष्य माझ्या टेबलावर फिरत होतं आणि मी त्याला अपात्र ठरवलं होतं. या इमारतीत एक गाढव आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं, फक्त त्याची खोली कुठली ते त्या दिवशी कळलं.

चूक कबूल करणारं पत्र लिहिलं. पण आमच्याकडे पत्र साहेबांना थेट देता येत नाही, आवकला द्यावं लागतं. आणि तिथल्या माणसाने ते वाचून त्याचा विषय एका ओळीत रजिस्टरला उतरवायचा असतो. बाईंनी पत्र वाचलं. परत एकदा वाचलं.

"विषय काय लिहू?"

"लिहा, डॉक्टरने वायर चुकीच्या जागी लावली."

"असं लिहीत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि नकाशावर लिहायच्या तशा सुट्या, सरळ अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'मशीन सुस्थितीत असल्याबाबत.'

"बाई, तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मला वाटत होतं, चार शब्द सुनावतील, म्हणजे मी मोकळा होईन. त्यांनी माझी तेवढी सोय केली नाही. शिक्का मारून माझी प्रत मला दिली.

चार दिवसांनी पत्र खाली आलं. बाजूला साहेबांचं अक्षर होतं, 'नकाशे बाहेर दिले आहेत. मशीन भंगारात काढावे. कार्ड माझ्या मशीनला बसवावे.' साहेब मशीनवर पत्ते खेळतात. आता ते पत्ते झळाळतील.

"मिळाल्याची सही करा," बाई म्हणाल्या. मी केली. मागे रांग होती, पण त्यांनी कागद लगेच सोडला नाही.

"उघडलं होतं ना? टेकडीची टाकी दिसली?"

"दिसली. चला ना, दाखवतो. अजून सुटं केलं नाही मी."

"खिडकी सोडून येता येत नाही. तुम्हीच सांगा."

मी सांगायला लागलो. टाकी निळी दिसते. तिच्यातून एक जाड नळ खाली येतो. मग तो वळतो, मग त्याला बारीक नळ फुटतात. खालून बघितलं की मुळांसारखं दिसतं.

"वळणाच्या अलीकडे जोड आहेत," बाई म्हणाल्या. "किती दिसले?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली आणि माझ्या मागच्या माणसाचं पत्र घ्यायला हात पुढे केला.